पहिला नंबर किकवीचा

ता. २९ मे १९३६, भोर

मॅट्रिकचा निकाल लागला. आमच्या शाळेतून बसले अकरा, पास झाले चार. हेडमास्तरांनी चौघांचे पेढे वाटले. उरलेल्या सातांविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. जणू ते दुसऱ्याच संस्थानात शिकत होते.

पहिला नंबर जहांगीरचा. किकवीच्या इस्माईल नालबंदाचा हा थोरला मुलगा. इथे भोरला चुलत्याकडे राहायचा आणि दर शनिवारी चालत गावी जायचा. गणितात त्याला जे मार्क पडले आहेत, ते मी बसलो असतो तर मला पडले नसते, आणि सतरा वर्षं तो विषय मी शिकवतो आहे. त्याची एकच खोड होती. मधल्या पायऱ्या गाळायचा. पहिल्या ओळीवरून थेट उत्तरावर उडी. मी रागावलो की म्हणायचा, "सर, मध्ये काही दिसलंच नाही." उत्तर मात्र कधी चुकलं नाही, त्यामुळे मार्क कापताना मलाच लाज वाटायची.

दुसरा नंबर आमच्या सोनबाचा. याचं मला आश्चर्य वाटलं. बाप असून हे लिहितो आहे, पण वही खासगी आहे. सोनबा म्हणजे घरातलं घड्याळ उघडून परत जोडणारा मुलगा. जोडून झालं की दोन चाकं उरतात, आणि घड्याळ आधीपेक्षा बरं चालतं.

संस्थानातून दरसाल एकाच मुलाला पुण्याच्या कॉलेजसाठी शिष्यवृत्ती असते. पहिल्या नंबराला. पहिल्याच्या बापाने लेखी नको म्हटलं, तर दुसऱ्याला. तिच्याविना सोनबाचं कॉलेज व्हायचं नाही, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. बोलायची गरज नाही.

ता. ४ जून

इस्माईल आला होता. आंब्यांची पाटी डोक्यावरून उतरवून पायरीवरच बसला. हिने आतून चटई दिली तेव्हा ओट्यावर आला. हातांना जळक्या खुरांचा वास. जहांगीर मार्गासनीला मामाकडे गेला आहे, हे त्याने आल्या आल्या सांगितलं. पावसाआधी मामा वेल्ह्याच्या बाजूला गावोगाव बैलांचे नाल ठोकत फिरतो, त्याच्या मदतीला.

मग मुद्द्यावर आला. "मास्तर, पोराचं काय करू? मला तर कायच कळंना. किकवीच्या हाटिलात कुनी तरी तुमचा त्यो स्टोवाचा लेख वाचून दावला. लई हसलो आमी. तवाच ठरिवलं, मास्तरलाच इचारायचं."

त्या लेखात मी एक बी. ए. झालेला गृहस्थ दाखवला होता. तो बंद पडलेल्या स्टोव्हपुढे शब्दकोश घेऊन बसतो, आणि शेवटी मोलकरीण पिन मारून स्टोव्ह पेटवते. पुण्याच्या साप्ताहिकाने तो पहिल्या पानावर घेतला होता. आपलं लिहिलेलं किकवीच्या चहावाल्याकडे पोचतं, हे ऐकून कोणाला बरं वाटणार नाही?

मी त्याला सविस्तर सांगितलं. पदव्या घेतलेले कचेऱ्यांच्या दारात जोडे झिजवताहेत. सातारा रोडवर मोटारी वाढल्या आहेत, दहा वर्षांत तुझे बैल उरणार नाहीत, पण मोटार दुरुस्त करणारा कधी उपाशी मरायचा नाही. पुण्याला माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला आहे, त्याला चिठ्ठी देतो. हातात कसब असलेल्या माणसाला कोणापुढे वाकावं लागत नाही. मी जे बोललो ते मनापासून बोललो. ते सगळं आधी छापून आलेलं असल्यामुळे अडखळलोही नाही.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आन तुमचा सोनबा काय करनार?"

"बघू," मी म्हटलं. "निकाल आत्ताच तर लागलाय."

मुलाला कॉलेजात पाठवत नाही असा कागद शाळेत द्यावा लागतो, असं मी त्याला सांगितलं. उगाच खेप नको म्हणून तिथेच लिहून दिला. त्याने अंगठा उठवला आणि शाई केसांना पुसली. शिष्यवृत्तीचा विषय निघाला नाही. त्याने काढला नाही, मग मी तरी कशाला काढू? कागदात ती स्पष्ट नमूद आहे.

आंबे गोड निघाले. हिने एकही खाल्ला नाही. पोट बरं नाही म्हणाली.

ता. ९ जून

कागद हेडमास्तरांकडे दिला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि म्हणाले, "आनंदराव, अक्षर तुमचं दिसतं."

इस्माईलला लिहिता येत नाही, असं मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. हेडमास्तर माणसं ओळखतात, म्हणूनच इतकी वर्षं हेडमास्तर आहेत.

ता. १४ जून

जहांगीर आला. मार्गासनीहून थेट चालत आला असावा, पाय गुडघ्यापर्यंत लाल झाले होते. शिष्यवृत्तीचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा, हे विचारायला आला होता.

मी त्याला बसवलं. वडिलांनी काय ठरवलं ते सांगितलं, आणि ते का शहाणपणाचं आहे तेही. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "शिष्यवृत्ती मिळते आहे, हे अब्बांना सांगितलं होतं का, सर?"

"कागदावर सगळं लिहिलं आहे," मी म्हणालो.

"अब्बांना वाचता येत नाही, सर."

हे तो उद्धटपणे बोलला नाही. गणितातली एखादी राहिलेली पायरी दाखवावी तसं बोलला. ज्याने जन्मभर पायऱ्या गाळल्या, त्याने. मी गॅरेजची चिठ्ठी पुढे केली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला आणि गेला. सोनबाला हाकसुद्धा मारली नाही, एरवी दोघं तासन्‌तास एकत्र असायचे.

मुलगा समंजस आहे. समजलं त्याला.

ता. २१ जून

सोनबाला सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं. ट्रंकेत धोतरांखाली त्याने पेचकस आणि पान्हा लपवले होते. मी ते काढून घेतले. कॉलेजात निघालायस, सुताराकडे नाही, असं म्हटलं. तो म्हणाला, "पेचकस सुताराचा नसतो, बाबा." मोटार सुटेपर्यंत तो ड्रायव्हरशेजारी उभा राहून इंजिनात डोकावत होता.

ता. १८ सप्टेंबर

सोनबाने गणिताची वही पाठवली, मी मागितली होती म्हणून. वाचून थक्क झालो. मुलगा ओळखू येत नाही. भोरला असताना याची गणितं म्हणजे चिखलातली बैलगाडी. आता पहिल्या ओळीवरून थेट उत्तरावर जातो. मधल्या पायऱ्याच नाहीत. हा कॉलेजच्या हवेचा गुण. शाळेत आम्ही मुलांना पायऱ्यांत अडकवून ठेवतो, कॉलेजात त्यांना उडी मारायला शिकवतात. यावर एक लेख होईल.

पानांवर जागोजागी काळे डाग आहेत. दिव्याची काजळी असावी. चांगला दिवा घे म्हणून लिहिलं.

ता. २ नोव्हेंबर

सोनबा सुट्टीला आला. जहांगीर भेटतो का, विचारलं. भेटतो म्हणाला. गॅरेजमध्ये काय करतो? "भांडी घासतो," म्हणाला. म्हणजे इंजिनाचे सुटे भाग रॉकेलमध्ये धुतो. पहिली दोन वर्षं पान्ह्याला हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, कोणतंही कसब असंच शिकावं लागतं. सोनबाने माझ्याकडे पाहिलं आणि उठून आईजवळ चुलीपाशी जाऊन बसला.

ता. ३० एप्रिल १९३७

पहिल्या वर्षाचा निकाल. सोनबा पास. वहीत इतका पुढे होता, परीक्षेत मात्र गणितात जेमतेम. कॉलेजच्या प्राध्यापकांना उडी समजत नाही, असं दिसतं.

ता. ७ ऑगस्ट

हे आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मी त्याला विनोदी रूप देईन.

न कळवता पुण्याला गेलो होतो. सोनबाची खोली जिन्याखाली आहे, दार लोटलेलं होतं. आत सोनबा जमिनीवर उकिडवा बसला होता, हात कोपरापर्यंत काळे, पुढे फडक्यावर मोटारीचा कसला तरी भाग सुटा करून मांडलेला. आणि खाटेवर, खिडकीच्या उजेडात, जहांगीर. मांडीवर सोनबाचं कॉलेजचं पुस्तक, हातात पेन्सिल. कानशिलाजवळ तेलाचा डाग. तो इतका गुंतला होता की मी आत आलेलं त्याला कळलंच नाही. सोनबाने "बाबा" म्हटल्यावर मान वर केली.

वहीतले काळे डाग कशाचे, ते मला तेव्हा समजलं. एका मास्तराला आपल्या विद्यार्थ्याची उडी ओळखायला एक वर्ष लागलं.

लाज वाटायला हवी होती, राग आला. मी जहांगीरला बोललो. मित्राची गणितं करून देऊन तू त्याला पांगळा करतोयस, म्हणालो. ज्याला जे काम नेमून दिलंय ते त्याने करावं. तू गॅरेजात राहा आणि याला शिकू दे. पुन्हा या खोलीत दिसू नकोस.

जहांगीरने पेन्सिल पुस्तकात ठेवली, मग काहीतरी आठवून परत काढून घेतली. ती त्याची स्वतःची होती. पुस्तक खाटेच्या मधोमध ठेवलं आणि माझ्या अंगाला अंग लागू न देता बाहेर पडला.

सोनबा म्हणाला, "तो दिवसभर सुटे भाग धुतो, आणि संध्याकाळचा एक तास इथे येतो. तेवढंच त्याचं कॉलेज आहे, बाबा."

आपण बापाशी बोलतो आहोत, याची मी त्याला आठवण करून दिली.

ता. २६ ऑक्टोबर

सोनबा सुट्टीला आला नाही. अभ्यास आहे म्हणे. हिने करंज्या केल्या आणि शेजारी वाटून टाकल्या.

ता. १३ जानेवारी १९३८

किकवीहून येणाऱ्या गेनबाने सांगितलं की इस्माईलच्या गुडघ्यावर बैलाची लाथ बसली, पाय वाकत नाही. जहांगीर पुण्याचं काम सोडून घरी आलाय आणि बापाचा धंदा बघतोय. दीड वर्ष भाग धुतले, पान्हा हातात येण्याआधीच परत. इस्माईलला पत्र लिहावंसं वाटलं. ते त्याला वाचून कोण दाखवणार, हे लक्षात आल्यावर लिहिलं नाही.

साप्ताहिकाकडून लेख मागणारं पत्र आलं आहे. चार ओळी लिहिल्या. चारही जुन्या निघाल्या.

ता. ११ मे

सोनबा इंटरला नापास. गणितात. अपेक्षित होतं असं लिहिलं, तर ते खरं होईल.

ता. १६ मे

सोनबा काल भोरला येऊन गेला, असं हेडमास्तरांकडून कळलं. घरी आला नाही. शिष्यवृत्ती आपल्याला नको, ती जहांगीरला द्या, असा अर्ज घेऊन तो कचेरीत गेला होता. तिथे त्यांनी त्याला जुनी फाइल उघडून दाखवली. जहांगीरच्या बापाने लेखी नकार दिलेला आहे, आता काही करता येत नाही म्हणून. कागद दाखवला.

हेडमास्तर एवढंच सांगून उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला सहन झाला नाही.

ता. २७ मे

सोनबाचं पत्र आलं. पाकिटावर हिचं नाव. हिला वाचता येत नाही. लग्न झाल्यावर शिकवणार होतो, राहून गेलं.

ती समोर बसली. मी वाचायला लागलो. आई, मी मुंबईला आहे. एका गिरणीच्या यंत्रशाळेत फिटरच्या हाताखाली लागलो आहे, तब्येत बरी आहे, जेवण खानावळीत मिळतं. इथे मी थांबलो. पुढच्या दहा ओळी डोळ्यांनी वाचल्या आणि शेवटच्या ओळीवर गेलो: काळजी करू नकोस, तुझा सोनबा.

"मधलं वाचा," ती म्हणाली.

मी म्हटलं, काही नाही, कामाचं आहे.

"दोन वर्षं मधलं गाळलंत. आता वाचा."

मग वाचलं. नकाराचा कागद मी पाहिला, अक्षर बाबांचं आहे. इस्माईलचाचांना शिष्यवृत्ती म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं. मी किकवीला जाऊन जहांगीरला विचारलं. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून तो वर्षभर माझ्या खोलीत येऊन माझी गणितं करत होता, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. मी का म्हणून विचारलं तर म्हणाला, तुला कळलं असतं तर तू पुस्तकं घेऊन घरी गेला असतास, मग मी वाचलं काय असतं. आई, मला कधी कॉलेजात जायचं नव्हतं. मी हे बाबांना तीनदा सांगितलं होतं. त्यांना ते विनोदी वाटलं.

वाचून झालं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "त्या दिवशी इस्माईल आला, तेव्हा मी दाराआड होते. मी बी गप्प बसले. माझ्या मनातबी सोनबाच होता." आणि पत्र माझ्या हातातून घेऊन तांदळाच्या डब्यात ठेवलं.

ती उठून गेल्यावर मी माझा स्टोव्हचा लेख काढून वाचला. चांगला उतरला आहे. एक शब्द बदलावासा वाटला नाही. त्या लेखाची हीच भीती वाटते.

ता. ३ जून

दरबारला अर्ज लिहिला. सदर नकार मुलाच्या बापाने शिष्यवृत्तीची माहिती नसताना दिला. ती माहिती मी, खाली सही करणाऱ्याने, माझ्या मुलाच्या फायद्यासाठी दडवली. सबब जहांगीर वल्द इस्माईल यास शिष्यवृत्ती मिळावी. आठ वेळा लिहिला. सात वेळा कुठे ना कुठे एखादं चमकदार वाक्य यायचं, ते काढून टाकायला पुन्हा लिहावं लागायचं. आठव्यांदा साधा उतरला. नोकरी जाईल, कदाचित. ही म्हणाली, जाऊ द्या.

अर्ज देण्याआधी जहांगीरला दाखवायला हवा. निदान एवढं तरी या खेपेला.

ता. ५ जून

किकवीला गेलो. रस्त्याच्या कडेला चिंचेखाली नालबंदाची जागा. एका गाडीवानाचा खिलार बैल नुकताच पाडला होता, चारी पाय एकत्र बांधून दोन लाकडांच्या बेचक्यावर टेकवलेले. इस्माईल पाय लांब करून बैलाच्या डोक्यापाशी बसला होता, शिंगं दाबून. मला पाहून उठायला गेला, उठता येईना. "या मास्तर, या. आरं, मास्तरास्नी पानी द्या कुनी तरी." तोच आवाज. जहांगीरने त्याला काही सांगितलेलं नाही. दोन वर्षं त्याने बापाला यातून वाचवलं आहे.

जहांगीर खूर तासत होता. हात रुंद झाले आहेत. मी अर्ज काढून त्याच्यापुढे धरला. त्याने पात्यासकट हात पंच्याला पुसला, कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला. वाचायला त्याला नेहमीसारखाच वेळ लागला, म्हणजे काहीच नाही.

"वय गेलं, मास्तर," तो म्हणाला. सर म्हणाला नाही. "शिसवृत्तीला अठराच्या आत लागतं. मला एकोनीस पुरी झाली. आन ह्यात अब्बाला शिसवृत्ती कळली न्हवती, असं लिवलंय. हे कचेरीत गेलं की गावात येनार, गावातनं अब्बाच्या कानावर. मग त्यो काय म्हनंल? म्या अंगठा दिला आन पोराचं वाटोळं केलं, असंच म्हनंल. पाय मोडलाय त्याचा. एवढं बास हाय."

इस्माईलने तिकडून विचारलं, कसला कागद. जहांगीर म्हणाला, "मास्तरांचा नवा लेख हाय, अब्बा."

"मंग वाच की मोट्यानं."

"सांजच्याला वाचतो." कागद चार घड्या करून त्याने माझ्या हातात परत दिला.

मी म्हटलं, वयाचं मी दरबारात बोलून बघतो, खास बाब म्हणून, शिवाय पुण्यात रात्रीच्या शाळा असतात, शिवाय ओव्हरसिअरची परीक्षा आहे, तिला वयाची अट नाही. माझं मला ऐकू येत होतं. चौथा रस्ता सांगायला लागणार, तोच तो म्हणाला:

"आधी तुमी मला गॅरेजात धाडलं. आता कॉलेजात धाडताय. सोनबालाबी तसंच धाडलं. मला जायचं हाय का न्हाई, हे कुनीच इचारलं न्हाई, मास्तर. अब्बानंबी न्हाई."

एवढ्यात बैलाने अंग झाडलं. जहांगीरने मला पायाजवळचा दोर धरायला सांगितला, गाडीवान तंबाखूला गेला होता. मी धरला. बैलाच्या एका पायाला दोन नाल लागतात, खुराच्या एकेका फाकेला एक, हे मला आज समजलं. मी या तालुक्यात जन्मलो आहे. जहांगीर एक खिळा दातांत धरून दुसरा ठोकत होता. तिरका, मासापासून दूर, खुराच्या कडेने बाहेर. मोजून मापून. प्रत्येक पायरी होती.

"जायचं होतं का तुला?" मी विचारलं.

दातांतला खिळा काढेपर्यंत तो थांबला.

"व्हय," तो म्हणाला, आणि पुढचा खूर हातात घेतला.